प्रथिनं १६ टक्के, तरी बोकड उतरले. रानपाल्याची पचनीयता मोजायची कशी?

माळावरचा

नमस्कार मंडळी. कोरड्या भागातली जनावरं निम्मं वर्ष कडब्यावर आणि झाडपाल्यावरच काढतात. मीही तेच करणार होतो, पण डोळे मिटून नको म्हणून कडबा आणि बाभळीचा वाळलेला पाला दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घेतले. शुष्क पदार्थावर आकडे असे आले: कडबा प्रथिनं ४ टक्के, एनडीएफ (म्हणजे एकूण तंतू) ७०. पाला प्रथिनं १६ टक्के, एनडीएफ ३८. म्हटलं, हा पाला नव्हे, झाडावर लागलेली पेंडच आहे!

चार खच्ची बोकडांना तीन आठवडे निम्मा कडबा, निम्मा पाला दिला. खाल्लं बऱ्यापैकी. वजनं केली तर चौघेही किलो-सव्वा किलोने उतरलेले. जंत नाहीत, लेंड्या तपासून झाल्यात. रिपोर्ट चुकलाय, काटा चुकलाय की माझं गणित? आणि मुळात "यातलं जनावराला पचतं किती" हे गोठ्यात मोजता येतं का?

उगाच

काटा बरोबर असेल तर बोकडांवर विश्वास ठेवा. ते रिपोर्ट वाचत नाहीत.

नायट्रोजनवाला

रिपोर्ट चुकलेला नाही, तुम्ही त्यातून जास्तीचं वाचलंत. प्रयोगशाळा प्रथिनं मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. तो नायट्रोजन मोकळा आहे की कशाला घट्ट चिकटलेला, हे त्या आकड्यात दिसत नाही.

बाभूळवर्गी झाडांच्या पाल्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. चावताना पेशी फुटल्या की टॅनिन प्रथिनांना धरतं. कोठीपोटातला, म्हणजे जंतू चारा आंबवतात त्या पहिल्या मोठ्या पोटातला, सामू (पीएच) ६ ते ७ च्या आसपास असतो, तिथे ही पकड सुटत नाही. पुढे खऱ्या पोटात आम्लामुळे ती सुटू शकते, म्हणून थोडं टॅनिन उपकारकच: प्रथिनं जंतूंच्या तावडीतून वाचून आतड्यात पोचतात. प्रमाण वाढलं की मात्र ती तशीच लेंडीतून बाहेर. शिवाय टॅनिन कोठीपोटातल्या जंतूंचे विकरही (एन्झाइम) अडवतं, म्हणजे सोबतच्या कडब्याचं पचनही मंदावतं. एकूण चाऱ्यात प्रथिनं ६-७ टक्क्यांच्या खाली गेली की हे जंतू उपाशी राहतात. तुमच्या मिश्रणात कागदावर १० टक्के होती. जंतूंच्या हाती किती लागली हा खरा प्रश्न.

एक विचारतो. रिपोर्टात लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडी भाग, किती? आणि नमुना वाळवला कसा?

माळावरचा

लिग्निन १४. नमुना घरच्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर वाळवला, लवकर व्हावा म्हणून. बोकडांना दिलेला पाला मात्र सावलीत वाळवलेला.

नायट्रोजनवाला

मग तो १४ सोडून द्या. टॅनिनवाला पाला ६० अंशांच्या वर तापवला की टॅनिन, प्रथिनं आणि तंतू यांचा एक गोळा होतो आणि तो लिग्निन म्हणून मोजला जातो. प्रथिनांचा १६ तेवढा टिकेल, कारण नायट्रोजन उडून गेला नाही, फक्त अडकला. पुढच्या वेळी सावलीत, नाहीतर ५० ते ५५ अंशांवर वाळवा. म्हणजे जो पाला बोकडांनी खाल्ला तो तुम्ही तपासलाच नाहीत. भाजलेला भाऊ तपासलात.

सुईदोरा

"भाजलेला भाऊ" 😄

पचनीयतेच्या पिशव्या शिवण्यात माझी तीन वर्षं गेली आहेत, त्यामुळे राहवत नाही. नायलॉनच्या बारीक जाळीची पिशवी, छिद्रं ४०-५० मायक्रॉनची. आत दळलेला चारा काही ग्रॅम. कोठीपोटाला कायमचं भोक पाडून झाकण बसवलेलं जनावर असतं, त्यातून पिशव्या आत सोडायच्या आणि ६, १२, २४, ४८, ७२, ९६ तासांनी काढायच्या. धुवायच्या, वाळवायच्या, तोलायच्या. आत जे उरलं नाही ते पचलं असं धरायचं. ही पद्धत जुनीच, पण तिला समीकरणाची शिस्त लावली अर्स्कोव्ह आणि मॅकडोनल्ड यांनी १९७९ मध्ये: लगेच विरघळणारा भाग, हळूहळू झिजणारा भाग, आणि झिजण्याचा वेग.

पण टॅनिनच्या पाल्याला ही पद्धत फसते, आणि गंमत म्हणजे पाल्याच्या बाजूने फसते. विरघळणारं टॅनिन पिशवीतून धुऊन बाहेर जातं. पचलेलं नाही, पण काटा म्हणतो पचलं. शिवाय बाहेरच्या अवाढव्य पोटात ते इतकं पातळ होतं की पिशवीतल्या चाऱ्याला त्याचा त्रासच होत नाही. आमच्याकडे एकदा एका पाल्याचा आकडा असा चढला की सगळे खूश. मग कोणीतरी शून्य तासाची पिशवी काढली, म्हणजे पोटात न घालता नुसती पाण्यात धुतलेली. तिच्यातच तिसरा हिस्सा गायब! थोडं टॅनिन, थोडी बारीक दळलेली भुकटी छिद्रांतून गेलेली. शून्य तासाची पिशवी नसलेला तक्ता मी तेव्हापासून वाचत नाही.

रवंथ

सुईदोरा ताईंशी सहमत. नळीतली पद्धतही याच कारणाने अडखळते. टिली आणि टेरी यांची १९६३ ची दोन टप्प्यांची रीत: ४८ तास कोठीपोटाच्या द्रवात, मग ४८ तास आम्ल आणि पेप्सिनमध्ये, शेवटी उरलेल्याचं वजन. गवताला उत्तम. पाल्याच्या बाबतीत "विरघळलं म्हणजे पचलं" ही चूक इथेही आहे.

त्याला उतारा म्हणजे वायू मोजणं. जर्मनीत होहेनहाइमला मेंके आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत. काचेच्या मोठ्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम चारा, त्यात कोठीपोटाचा द्रव आणि क्षारांचं द्रावण, तापमान ३९ अंश. जंतूंनी चारा आंबवला की वायू होतो आणि दट्ट्या वर सरकतो. टॅनिन विरघळलं तरी त्यापासून वायू होत नाही, त्यामुळे खोटं श्रेय मिळत नाही.

याचीच पुढची युक्ती मला फार आवडते. त्याच पाल्याच्या दोन सिरिंजा लावा, एकीत पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) टाका. पीईजी टॅनिनला प्रथिनांपेक्षा घट्ट पकडतं आणि बाकी काही करत नाही. पीईजीच्या सिरिंजमध्ये वायू जितका वाढला तितका टॅनिनचा अडथळा. रसायनशास्त्राने टॅनिन किती ते कळतं, या युक्तीने टॅनिन किती *नडतं* ते कळतं. दोन झाडांच्या पाल्यात टॅनिन सारखंच निघालं तरी नडणं सारखं नसतं.

माळावरचा

हे सगळं भारी आहे, पण माझ्याकडे भोकाचा बैल नाही, सिरिंज नाही. आहेत चार बोकड, एक काटा आणि वेळ.

गव्हाण

माळावरचा दादा, ज्या पद्धतीवर बाकी सगळ्या पद्धती तपासून घेतात तिला एवढंच लागतं! खाल्लेलं तोला, लेंड्या तोला, वजाबाकी करा. किचकट आहे ते कष्टाच्या बाजूने.

चार बोकड म्हणजे पुरेसे. नर आहेत हेही बरं, लघवी पुढे पडते आणि लेंड्या मागच्या पिशवीत कोरड्या जमतात. शेळीच्या बाबतीत दोन्ही एकत्र होतं आणि सगळं मुसळ केरात. पाठीवरून पट्टे घेऊन जाड कापडाची पिशवी बांधा, पहिले चार दिवस रिकामीच बांधून सवय करा, नाहीतर पिशवीच खातील.

चारा बदलल्यावर किमान चौदा दिवस नुसतं खाऊ घाला, काही मोजू नका. कोठीपोटातली जंतूंची वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतो आणि आधीच्या चाऱ्याच्या लेंड्याही निघून जातात. मग सहा-सात दिवस मोजणी. रोज ठरल्या वेळी चारा तोलून टाका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेला तोलून काढा, लेंड्या तोला. लेंड्यांतला दहावा हिस्सा बाजूला काढून वाळवा. उरलेल्या चाऱ्याचाही नमुना ठेवा, हे बहुतेक जण विसरतात. बोकड कडब्याची पानं वेचून खातं आणि काडी सोडतं. गव्हाणीत टाकलेला कडबा आणि पोटात गेलेला कडबा हे दोन वेगळे चारे असतात. बारीक कुट्टी केली तर वेचणं कमी होतं, पण मग तुम्ही कुट्टीची पचनीयता मोजताय, कडब्याची नाही. काय हवंय ते आधी ठरवा.

माळावरचा

राहवलं नाही, एका बोकडावर एक दिवस करून पाहिलं. नुसता कडबा टाकला ७५० ग्रॅम, लेंड्या ६०० ग्रॅम. म्हणजे पचला २० टक्के?? इतका वाईट?

गव्हाण

अहो, थांबा. उरलेला कुठे गेला? आणि लेंड्या ओल्याच तोलल्यात ना?

माळावरचा

दोन्ही बाबतीत गुन्हा कबूल. उरलेला ८३ ग्रॅम होता. लेंड्या वाळवल्यावर ६०० च्या २७० झाल्या. कडब्यात पाणी १० टक्के धरलं तर टाकलेला शुष्क ६७५, उरलेला ७५, खाल्लेला ६००. ६०० मधून २७० गेले, पचले ३३०. म्हणजे ५५ टक्के. एका वजाबाकीत वीसचे पंचावन्न!

गव्हाण

आता जमलं. एका दिवसाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. लेंड्या रोज सारख्या पडत नाहीत.

नायट्रोजनवाला

भर घालतो. लेंड्यांत नायट्रोजन तपासायचा असेल तर तो हिस्सा तापवून वाळवू नका, अमोनिया उडतो. गोठवून ठेवा आणि ओलाच तपासायला द्या.

चाळणी

पाल्याबरोबर शेंगाही देणार असाल तर लेंड्या पाण्यात कुस्करून चाळणीवर धुवा. बाभळीच्या, वेड्या बाभळीच्या शेंगांचा गर गोड आणि पचायला हलका, पण बी टणक. न फुटलेलं बी आख्खं बाहेर येतं, आणि शेंगेतली बरीचशी प्रथिनं त्या बियांतच. चाळणीवर सापडलेलं बी म्हणजे रिपोर्टात मोजलं गेलेलं पण जनावराला न मिळालेलं प्रथिन. शेंगा भरडून दिल्या की फरक चाळणीवरच दिसतो, प्रयोगशाळा लागत नाही. आणि न भरडता दिल्या तर वेडी बाभूळ जनावरंच पेरत फिरतात, ते वेगळंच.

(बाय द वे, वेड्या बाभळीच्या शेंगा हाच मुख्य आहार करू नका. ईशान्य ब्राझीलमध्ये महिनोन्‌महिने त्यावर ठेवलेल्या गुरांचे जबड्याचे स्नायू लुळे पडण्याचा आजार नोंदलेला आहे.)

उगाच

पचनीयतेचा धागा बघता बघता शेण धुण्यापर्यंत आला. वाचतोय.

चाळणी

पचनीयता म्हणजे शेणाचंच शास्त्र हो. खाल्लेलं सगळ्यांना दिसतं.

खारजमीन

आमच्यासारख्या खारवट जमिनीवर वाढणाऱ्या झुडपांबद्दल कोणी बोलत नाहीये. त्यांच्या पानांत राखच २०-२५ टक्के, बहुतेक मीठ. मीठ पाण्यात विरघळतं, रक्तात जातं, लघवीतून बाहेर. लेंडीत सापडत नाही म्हणून "पचलं" या खात्यात जमा. समजा १०० ग्रॅम पानांतले ६० ग्रॅम लेंडीत आले नाहीत. त्यातले २० ग्रॅम मीठच. मग राखेचे २५ सोडून उरलेल्या सेंद्रिय ७५ पैकी ४० पचले, म्हणजे ५३ टक्के. ६० आणि ५३ यांत जनावर पोसण्या-न पोसण्याचा फरक आहे. खाऱ्या चाऱ्याला शुष्क पदार्थाची पचनीयता वापरूच नये. राख काढून सेंद्रिय पदार्थावर बोला.

आणि अशा जनावराला पाणी तोडू नका. पाणी कमी झालं की ते खातंही कमी, चारा पोटात जास्त वेळ थांबतो आणि पचनीयतेचा टक्का उलट जरा वाढतो. तहानलेल्या जनावराचा आकडा चांगला दिसतो, जनावर नाही.

रवंथ

याची दुसरी बाजू म्हणजे धूळ. लेंड्या सगळ्या गोळा करणं जमत नाही तेव्हा आम्लात न विरघळणारी राख खूण म्हणून वापरतात. चाऱ्यात ती किती टक्के आणि लेंडीत किती टक्के, एवढ्यावर पचनीयता निघते, पिशवी बांधायला नको. गोठ्यात ठीक. पण उघड्या माळावर चरणारं जनावर चाऱ्याबरोबर माती खातं, ती मातीही याच राखेत मोजली जाते आणि हिशोब कोसळतो. कोरड्या भागात ही सोपी पद्धत म्हणूनच जपून.

सुईदोरा

निवडुंगाबद्दल एक ओळ, कारण कोणीतरी विचारणारच. त्यात पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास, बाकी पटकन आंबणारी साखर, प्रथिनं आणि तंतू नावाला. एकटा दिला तर शेण पातळ होतं आणि लोक म्हणतात पचत नाही. पचतो, चांगलाच पचतो. पातळ शेण आणि कमी पचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडब्याबरोबर द्या.

माळावरचा

*(दोन महिन्यांनंतर)*

धागा वर आणतोय. केलं सगळं. चार बोकड, आधी नुसता कडबा, मग कडबा आणि पाला. प्रत्येक वेळी चौदा दिवस सवय, सात दिवस मोजणी. पाला या वेळी एकतृतीयांश ठेवला. पिशव्या बायकोने शिवल्या, दोन खाल्ल्या गेल्या.

सरासरी, दिवसाला, शुष्क ग्रॅममध्ये: नुसत्या कडब्यावर खाल्लं ६००, लेंड्या २७०, म्हणजे ५५ टक्के. मिश्रणावर कडबा ४००, पाला २००, लेंड्या २९०. म्हणजे एकूण ५१.७ टक्के. कडब्याचे ४०० पूर्वीसारखेच पचले असं धरलं तर त्याच्या लेंड्या १८०. उरल्या ११० त्या पाल्याच्या. २०० मधले ९० पचले. पाल्याची पचनीयता ४५!

प्रथिनांचं आणखी वाईट. कडब्यावर २४ ग्रॅम पोटात, १९ लेंडीत, हाती ५. मिश्रणावर ४८ ग्रॅम पोटात, ३५ लेंडीत, हाती १३. पोटात जाणारी दुप्पट झाली, त्या जास्तीच्या २४ पैकी हाती आली फक्त ८.

नायट्रोजनवाला

सुंदर काम. लेंडीतल्या त्या ३५ मध्ये सगळी चाऱ्याची नाहीत हे लक्षात असू द्या. आतड्याच्या झडलेल्या पेशी, मेलेले जंतू, पाचकरस हेही त्यात. म्हणून याला आभासी पचनीयता म्हणतात. प्रथिनं फारच कमी असलेल्या काडावर हा आकडा चक्क उणे येऊ शकतो, खाल्ल्यापेक्षा जास्त बाहेर. पण तुमच्या दोन्ही फेऱ्यांत जनावरं तीच, खाणं तेवढंच, त्यामुळे तुलना चालते.

रवंथ

४५ हा आकडा मात्र दगडावरची रेघ समजू नका. लेंड्या तोलण्यात दिवसाला १० ग्रॅम इकडेतिकडे झालं तर एकूण पचनीयता दीड-पावणेदोन अंकांनीच हलते, पण वजाबाकीनंतर ती सगळी चूक पाल्याच्या अंगावर येते. ११० चे १०० झाले तर पाला ५०, १२० झाले तर ४०. तपासायचा चारा मिश्रणात जितका थोडा तितकी ही चूक मोठी.

पण कौल स्पष्ट आहे. २०० ग्रॅम कडबा काढून २०० ग्रॅम पाला घातलात. त्या कडब्याने ११० ग्रॅम पचलेलं दिलं असतं, पाल्याने ९० दिलं. ऊर्जा गेली, प्रथिनं थोडी आली. पहिल्या वेळी तर तुम्ही निम्म्याला निम्मा घातला होता. बोकड उतरणारच.

माळावरचा

मग पाला बंदच करू?

रवंथ

कडबा *काढून* पाला नको. कडबा पोटभर ठेवून वरून थोडा पाला द्या आणि कडबा खाणं घटतं का ते बघा. घटलं नाही तर फायदा.

नायट्रोजनवाला

किंवा पाल्यामागे धावण्याऐवजी कडबाच सुधारा. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडा, दाबा, हवाबंद झाका, तीन आठवडे ठेवा. अमोनियाने तंतू सैल पडतात, पचनीयताही वाढते आणि नायट्रोजनही. उघडल्यावर वास उडू द्या, मग द्या. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये, जीव जातो. लहान करडांना हा चारा नकोच.

चाळणी

सगळ्या पाल्यांना बाभळीच्या काठीने हाणू नका. सुबाभळीत टॅनिन आहे, पण तिची खरी अडचण मिमोसिन हे विषारी द्रव्य. आणि ती अडचण जंतूंनीच सोडवली: ऑस्ट्रेलियात सुबाभळीने गुरं आजारी पडायची, हवाईच्या शेळ्या तीच मजेत पचवायच्या. जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांत नेले आणि विषबाधा थांबली. त्या जंतूच्या नावातच त्यांचं नाव आहे, सिनर्जिस्टेस जोन्सी. तेव्हा "या पाल्याची पचनीयता किती" याआधी "कोणाच्या पोटात" हेही विचारावं लागतं.

गव्हाण

दादा, एक राहिलं. मिश्रणाच्या फेरीत कडब्याचे ४०० ग्रॅम "पूर्वीसारखेच" पचले असं धरलंत. पण पाला आल्यावर बोकडांनी कडब्यातली काडी जास्त सोडली असेल तर? मग तो ४०० पानांचा कडबा झाला, पूर्वीचा ६०० पानं-काड्यांचा होता. उरलेल्याचे नमुने ठेवायला सांगितले होते, ते तपासले का?

माळावरचा

ठेवलेत. तपासले नाहीत. 😬 माळ्यावर छप्पन्न पुड्या आहेत, बोकडाचा नंबर आणि तारीख घातलेल्या. आत्ता वर जाऊन बघितलं, दुसऱ्या फेरीच्या पुड्यांत काडीच काडी दिसतेय. तीन पुड्यांवरची शाई पुसलीय, त्या सोडून बाकीच्या उद्या तपासायला देतो.